ग्राफिक्स कार्डावरचा खर्च संगीताच्या कामाचा नाही
संगीतनिर्मितीसाठी सुटे भाग जुळवत बसण्यापेक्षा तयार डेस्कटॉपच घ्यावा, असे मत एका लेखात वाचले; ते मला पटत नाही. दुकानात ‘ताकदवान’ म्हणून मिळणारे बरेचसे संगणक गेमिंगसाठी जुळवलेले असतात आणि ज्या ग्राफिक्स कार्डावर त्यांच्या किमतीचा मोठा वाटा जातो, त्याचा ध्वनिमुद्रणाला फारसा उपयोग नसतो. स्वतः संगणक जुळवून तोच पैसा जास्त रॅम आणि सावकाश फिरणारे १४० मिमीचे पंखे यांवर खर्च केला, तर माइकमध्ये घरघर शिरत नाही. संगणक आवाज छोट्या तुकड्यांत हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात; ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) १२८ सॅम्पलांचा बफर म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद, तेवढा वेळ वाय-फायच्या ड्रायव्हरने (वाय-फाय चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसर अडवून धरला, तरी आवाजात तडतड येते, मग संगणक कितीही महाग असो. असे दोष शोधायला ज्यांना सवड नाही, त्यांनी मात्र मॅक मिनी हा ॲपलचा छोटा तयार डेस्कटॉप घ्यावा.