राजीखुशीने

आज फ्लॅटच्या कागदासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात तीन तास बसून होते. समोरच्या बाकावर चार बहिणी. भावाने गाडी करून आणलेल्या, चहा-वडापाव त्याचाच. एकेकीला आत बोलावलं, फोटो, अंगठा, झालं. हक्कसोड, म्हणजे माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडल्याचा कागद. बाहेर आल्यावर थोरली म्हणाली, "आता गौरीला बोलवशील न्हवं रं?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग पोटात ढवळलं.

1998. आमची आत्ती. वडिलांनी तिला एसटीने तालुक्याला नेलं, सही घेतली, येताना हिरवी इरकल घेऊन दिली. ती साडी मांडीवर घेऊन सोप्यात बसली आणि म्हणाली, "बाळू, माह्यार तुटलं न्हाई न्हवं माझं?" वडील म्हणाले, "खुळी का काय!" मी सातवीत होते. मला वाटलं, साडी मिळाली, बरंय की.

कागदावर लिहिलेलं असतं, 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय'. दडपण काय काठी घेऊनच येतं? जमीन मागितलीस तर दिवाळीला उंबरा बंद, हे कुणी बोलून दाखवत नाही. तिला ते माहीत असतं, भावालाही माहीत असतं. ह्याला राजीखुशी म्हणायचं?

कायदा नाही असंही नाही हो. वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीला हिस्सा 1956 पासून आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्माने हिस्सेदार, हे महाराष्ट्राने 1994 लाच केलं, केंद्राने 2005 ला. 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की 2005 ला बाप हयात नसला तरी लेकीचा हक्क आहेच. आणि कितीतरी सातबाऱ्यांवर अजून भाऊ खातेदार आणि बहिणी 'इतर अधिकार'मध्ये. विहिरीतला हिस्सा, सोसायटीचा बोजा आणि बहीण, सगळं एका रकान्यात!

गंमत म्हणजे आमच्या वडिलांच्या छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाच्या गोष्टी ते रंगवून सांगायचे. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोच्या नावावर जमीन करा. वडिलांनी एक एकर आईच्या नावावर केली, अख्ख्या गावात मिरवले. आणि काही वर्षांनी बहिणीचं नाव काढलं. दोन्ही कामं त्याच माणसाने केली!

हो, मान्य. आईबापाचं आजारपण, कर्ज, सगळ्यांची लग्नं भावांनीच निभावलेली असतात. हायवे गेल्यावर वीस वर्षांनी बिल्डरला घेऊन उगवलेल्या बहिणीही पाहिल्यात. बरं.

आता कुणीतरी खाली कमेंटमध्ये लाडकी बहीण योजना आणणारच. त्या 1500 ना मी नावं ठेवणार नाही, माझ्या मावशीच्या गोळ्या त्यातूनच येतात. पण सरकारने बहीण लाडकी म्हटली की सगळे भाऊ खूश, कारण त्यात त्यांचं एक गुंठाही जात नाही.

आत्ती विधवा झाल्यावर परत आली, अकरा वर्षं आमच्याकडे राहिली. तिला कुणी काही कमी केलं नाही, हे आमच्या घरात आजही अभिमानाने सांगतात. खरंच केलं नाही. पण तिची लेक भेटायला यायची तेव्हा ती आईला विचारायची, "पोरीला चार कणसं देऊ का गं?"

चार कणसं. त्याच रानातली.

वडील वाईट नव्हते. आत्तीच्या आधी कधी ताटावर बसले नाहीत. म्हणूनच राग कुणावर काढायचा ते कळत नाही. काठी घेऊन आलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

येत्या फेब्रुवारीत त्यांना जाऊन वर्ष होईल. गेल्या महिन्यात दादाचा फोन आला होता. "एक दिवस सुट्टी काढून ये गं, वारसनोंदीचं उरकून टाकू. आणि एक छोटा कागद आहे." मी म्हणाले, "बघते." मी! आठ मार्चला ऑफिसात माइक हातात घेऊन बोलणारी मी. बघते!

आज संध्याकाळपासून 'सही करणार नाही' असा मेसेज तीनदा लिहून पुसला. त्यापेक्षा हे लिहिणं सोपं गेलं. दादाही फेसबुकवर आहे, वाचेलच.