‘शुगर-बीपीवाल्याला विमा कोण देतो?’ : फिरत्या मेसेजला उत्तर

सध्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घरधनी रिटायर होताहेत आणि त्यांना शुगर-बीपी आहे, तर मेडिक्लेमच्या भानगडीत पडू नका. साठीनंतर कंपन्या घेतच नाहीत. घेतलंच तर आजार सांगू नका, पाच वर्षं निघाली की कंपनीचं तोंड बंद. सरकारचं पाच लाखांचं कार्ड आहेच, प्रीमियमचे पैसे एफडीत टाका. आणि क्लेम नाकारला तर तुमचं कोण ऐकणार? खाली ‘जनहितार्थ’ आणि जोडलेले हात.

आमच्या बचत गटातही तो आला. ज्यांचे मालक कोरपना-राजुऱ्याकडच्या सिमेंट कारखान्यांतून वर्षा-दोन वर्षांत घरी बसणार आहेत, त्या बायांनी तो मनावर घेतला. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

साठीनंतर घेत नाहीत, हे आधी घेऊ. पूर्वी कंपन्यांना 65 वर्षांपर्यंतच्या माणसासाठी पॉलिसी ठेवणं भाग होतं. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार सगळ्या वयांच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवायची आहे. एखादी कंपनी तपासण्या करून तुमचा अर्ज नाकारू शकते, हे खरं. पण एका दारातून परत पाठवलं म्हणजे सगळी दारं बंद झाली असं नाही. प्रीमियम जड पडतो, हेही खरं. त्यात दोन गोष्टी हलक्या झाल्यात: 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, आणि साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी, बोलावं लागतं.

आता ते ‘आजार सांगू नका’. सगळ्या मेसेजात घातक वाक्य हेच, आणि एजंटही चहा पिता पिता हेच सांगतो. मेसेज लिहिणाऱ्यानं अर्धा नियम वाचलाय. सलग 60 महिने पॉलिसी चालली की ‘तुम्ही माहिती दडवली’ म्हणून कंपनीला क्लेम अडवता येत नाही, इथपर्यंत बरोबर. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. दहा वर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, खाणाऱ्या माणसानं फॉर्मवर ‘मधुमेह: नाही’ असं लिहिलं, तर त्याला विसरभोळेपणा कोण म्हणेल?

पकडलं कसं जातं तेही बघा. माणूस छातीत दुखतं म्हणून भरती होतो. कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, काही जुना आजार? बायको घाबरलेली, ती खरं तेच सांगते. केसपेपरवर पहिल्याच ओळीत उमटतं: ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन, 10 इयर्स’. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब दहा वर्षांपासून असल्याचं माहीत आहे. हाच कागद क्लेमसोबत कंपनीकडे जातो. पॉलिसी तीन वर्षांची आणि आजार दहा वर्षांचा. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

आणि खरं सांगितलं तर काय होतं? आधीच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिने थांबायला लावू शकते. पूर्वी हीच मुदत 48 महिने होती. म्हणजे खरं सांगणाऱ्याला उशिरात उशिरा तीन वर्षांनी हक्काचं संरक्षण, आणि खोटं सांगणाऱ्याला पाच वर्षं जीव मुठीत धरून, तेही खात्रीचं नाहीच. हिशेब उघड आहे. काही पॉलिसी जादा प्रीमियम घेऊन शुगर-बीपी महिनाभरात किंवा पहिल्या दिवसापासूनही धरतात. एजंट ते आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं. फॉर्म आपल्या हातानं भरावा, निदान सही करण्याआधी वाचून घ्यावा. ‘मी भरतो, तुम्ही फक्त इथं सही करा’ म्हटलं की समजायचं.

मेसेजनं एक गोष्ट साफ गाळली आहे, आणि कारखान्यातल्या लोकांसाठी तीच सगळ्यांत महत्त्वाची. नोकरीत असताना जो ग्रुप विमा असतो, त्यात बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. रिटायरमेंटला तो सुटतो. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं, ग्रुपमध्ये जेवढ्या रकमेचा विमा होता तेवढ्यापुरती, थांबण्याच्या मुदतीतून वजा होतात. कंपनी तपासणी मागेल, प्रीमियम वेगळा लागेल. पण हे काम सत्काराचा नारळ घेऊन घरी आल्यावर करायचं नाही, ग्रुपचा विमा चालू आहे तोवर करायचं. दीड-दोन महिने आधी एचआरमधून पॉलिसीची प्रत मागा आणि अर्ज टाका. ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, कापला जायचा आणि निदान पाच वर्षं नोकरी झालीय, त्यांना तर वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांचा औषधोपचार पुढे चालू ठेवता येतो. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

सरकारी कार्डाबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे, आणि ते मान्य करायला हवं. 1 जुलै 2024 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या रेशनकार्डासकट सगळ्यांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. मोठं ऑपरेशन आलं तर आधी हेच वापरावं. प्रीमियम भरायची ऐपतच नसेल, तर याच्याच भरवशावर राहावं, त्यात कमीपणा नाही.

पण कार्ड म्हणजे कोणत्याही दवाखान्यात चालणारी नोट नव्हे. उपचार ठरलेल्या यादीत बसला पाहिजे, रुग्णालय योजनेत पाहिजे, आणि त्या आजाराच्या विभागासाठी पाहिजे. हाडांसाठी योजनेत असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या मदतनीसाला, गाठून, किंवा 155388 वर फोन करून, आत्ताच विचारून ठेवा की आपल्या जवळ कोणत्या आजाराला कुठं जायचं. चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटर आहे. ही चौकशी रात्री दोन वाजता करण्यासारखी नाही. आणि मनाजोगतं, यादीबाहेरचं नागपूरचं रुग्णालय हवं असेल, तर तिथं खासगी पॉलिसीच कामाची.

रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत आणि कार्डही देत नाही. शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत आहेत.

एफडीचं गणित. समजा प्रीमियम वर्षाला 30,000 आहे. तीन वर्षांत जमतील 90,000, वर थोडं व्याज. दुसऱ्याच वर्षी बायपास निघाली तर? उलट बाजूही सांगते: 36 महिने जुन्या आजाराला विमा नसेल, तर तेवढ्या काळासाठी हाताशी रक्कम लागतेच. तेव्हा एफडी हवीच, विम्याच्या ऐवजी नव्हे. कापसाचे पैसे आले की बाजूला काढायला तेवढं निमित्त.

पॉलिसी घेताना प्रीमियमआधी दोन अटी बघा, को-पे आणि खोलीभाडं. को-पे 20 टक्के म्हणजे दोन लाखांच्या बिलात 40,000 तुमचे. खोलीभाड्याची मर्यादा 3,000 आणि तुम्ही 6,000 ची खोली घेतली, तर फक्त भाड्याचा फरक भरून सुटका होईल असं नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हेही निम्म्यानं कापलं जाऊ शकतं. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात को-पे 5 टक्के आहे, पण अ‍ॅम्ब्युलन्सला एका भरतीमागे 2,000 रुपयेच. 108 ची सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स मात्र फुकट आहे. दोघांची एकत्र पॉलिसी घ्याल तर प्रीमियम मोठ्याच्या वयावर ठरतो आणि एकाच्या आजारपणात दोघांची रक्कम संपू शकते. एक आजारी, एक धडधाकट असेल तर वेगळ्या घ्याव्यात असं माझं मत.

राहिलं ‘कोण ऐकणार’. नाकारलेल्या क्लेमचं कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात. तिथं पहिल्यांदा मागितला जाईल तो तुमच्या सहीचा फॉर्मच. त्याची झेरॉक्स घरात ठेवा.