"ऑपरेशन झालेल्या बहिणींनी हे कटाक्षाने पाळा" या मेसेजला माझं उत्तर

गेले काही महिने एक मेसेज भिशीच्या ग्रुपपासून नात्यातल्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. वर मोठ्या अक्षरात "ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बहिणींनी हे कटाक्षाने पाळा" आणि शेवटी हात जोडून "एका तरी बहिणीपर्यंत पोचवा". आत जे आहे ते थोडक्यात सांगते. त्या बाजूच्या हाताने आयुष्यभर काही उचलू नका. साखर आणि दूध बंद करा, कॅन्सर साखरेवर जगतो, हे शोधणाऱ्याला नोबेल मिळालंय. रडू नका, जी खचते तिचा कॅन्सर परत येतो. पाच वर्षं झाली की गोळ्या बंद करा, त्यांनीच दुसरा कॅन्सर होतो. आणि कॅन्सरच्या दुसऱ्या बायकांमध्ये बसू नका, त्यांचं ऐकून ऐकून आपलाही रोग उलटतो.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, डाव्या बाजूचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालंय. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हा त्यांना हा मेसेज चहूकडून आला आणि सासूबाईंनी मायेने, अगदी मनापासून मायेने, त्यांचा हात ओढणीची झोळी करून गळ्यात बांधून ठेवला. पाठवणाऱ्या बायका काळजीनेच पाठवतात हे मला माहितीये, म्हणूनच नुसतं "फेक आहे" म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही, एकेक मुद्दा घेऊनच बोलते.

हातापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त नुकसान मी त्यानेच झालेलं पाहिलंय.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिम्फच्या गाठी काढतात, कोणाच्या दोन-चार, कोणाच्या बऱ्याच. त्या वाटेने हातातलं पाणी परत जात असतं, वाट कमी झाली की हात सुजू शकतो, त्याला लिम्फेडिमा म्हणतात. त्यामुळे "जड उचलू नका" हा सल्ला काही हवेतून आलेला नाही, पूर्वी डॉक्टरसुद्धा हेच सांगायचे. पण मग कोणीतरी ते तपासून बघितलं ना! २००९ साली अमेरिकेत १४१ बायकांवर अभ्यास झाला, ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा बायका. त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, सुरुवात अगदी हलक्या वजनाने, शिकलेल्या ट्रेनरच्या नजरेखाली, हातावर दाबाची स्लीव्ह घालून, आणि हळूहळू वाढवत. वर्षभराने सूज वाढलेली नव्हतीच, उलट सूज एकदम उसळण्याचा त्रास वजन उचलणाऱ्यांमध्ये १४ टक्के आणि न उचलणाऱ्यांमध्ये २९ टक्के निघाला. पुढच्याच वर्षी ज्यांना सूज आलेली नाही अशा बायकांवरचा अभ्यास आला, तिथेही व्यायामाने सूज वाढली नाही.

याचा अर्थ उद्यापासून गव्हाचा डबा उचला असा नाही हो. याचा अर्थ हळूहळू, विचारून, रोज. आणि हात बांधून ठेवला तर काय होतं ते त्या वहिनींचं मी बघितलंय. काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली एक ताणलेली तार असावी तसं दिसायचं आणि हात खांद्याच्या वर जायचाच नाही, वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा मिसळणाचा डबा काढता येईना. हे तार येणं बऱ्याच जणींना होतं, फिजिओथेरपिस्टला माहीत असतं, बरं होतं. त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायचा व्यायाम दिला होता आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली, जिथपर्यंत बोट पोचलं तिथे एक रेघ आणि बाजूला तारीख. काही दिवस दोन-दोन दिवसांच्या रेघा एकावर एक आल्यात, मग एक बोटभर वर, मग परत तिथेच. सासूबाई आधी भिंत खराब होते म्हणाल्या, नंतर त्याच पेन्सिल हातात घेऊन उभ्या राहायला लागल्या. नवरात्रात त्यांनी गरब्याला दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी दिली, चोळीच्या बाहीखाली स्लीव्ह घालून, मधे मधे बसून, पाणी पिऊन. बडोद्याच्या बाईला गरबा कायमचा बंद असं मेसेज करून सांगणाऱ्याला हे कोणीतरी दाखवायला हवं.

खरी काळजी कशाची घ्यायची ते मात्र मेसेजमध्ये एका ओळीत पण नाही. त्या हाताला विळीचा काप, किसणीचा ओरखडा, तेलाचा चटका, डासांचे फोड, यातून इन्फेक्शन आत जातं. भांडी घासताना ग्लव्ज, तव्यावरची पोळी उलटायला चिमटा, कातडी कोरडी पडू द्यायची नाही, क्रीम लावायचं. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, "उद्या बघू" नाही. बीपी आणि सुई शक्यतो दुसऱ्या हाताला असं आपल्याकडे अजून सांगतात, ते पाळावं, पण चुकून त्या हाताला बीपी घेतलं गेलं म्हणून रात्रभर जागू नका, २०१६ साली बॉस्टनच्या ६३२ बायकांच्या नोंदी बघितल्या तेव्हा बीपी किंवा रक्त काढण्याचा सुजेशी संबंध दिसला नाही. वाढलेलं वजन आणि इन्फेक्शन यांचा दिसला.

आता साखर. नोबेलवाली गोष्ट अर्धवट उचललेली आहे. ओटो वारबुर्ग नावाचे जर्मन शास्त्रज्ञ, त्यांनी १९२०च्या दशकात पाहिलं की ट्यूमरच्या पेशी ग्लुकोज खूप वापरतात, हे खरं, शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन याच गोष्टीवर चालतो. पण १९३१ चं नोबेल त्यांना पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या कामासाठी मिळालं, "साखर बंद करा, कॅन्सर मरेल" असं सिद्ध केल्याबद्दल नाही. तुम्ही साखर सोडली तरी भात, पोळी, अगदी प्रोटीनपासूनही शरीर ग्लुकोज करतंच, मेंदूला पण तेच लागतं, ते फक्त गाठीपुरतं बंद करता येत नाही. श्रीखंड-जिलबी कमी करावी ती वजनासाठी आणि शुगरसाठी, ते आपण सगळ्यांनीच करावं. पण केमोत तोंड सोलवटलेलं असतं, पाणी पण जळजळतं, अशा वेळी शिरा आणि दही-भात एवढंच गळ्याखाली उतरत असताना घरातलं कोणी मोबाइल दाखवून वाटी काढून घेतं ना, तेव्हा मला राग येतो. दूध-दह्याने कॅन्सर परत येतो असा पुरावा नाही आणि लेट्रोझोलसारख्या, शरीरातलं हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हाडं ठिसूळ होतात, कॅल्शियम लागतंच.

रडण्याबद्दल. हे वाक्य दिसायला छान आहे पण बाईवर केवढं ओझं टाकतं. म्हणजे उद्या परत आला तर तो तिचाच दोष, ती पुरेशी हसली नाही! १९९९ साली इंग्लंडमध्ये ५७८ बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात लढाऊ वृत्ती ठेवणाऱ्या जास्त जगल्या असं काही दिसलं नाही. हां, ज्या अगदी हताश झाल्या होत्या किंवा डिप्रेशनमध्ये होत्या त्यांचं थोडं वाईट झालं हेही त्यातच आहे, लपवत नाही. पण मग त्याला उपाय डिप्रेशनवर इलाज करण्याचा आहे, "रडू नको" म्हणण्याचा कसा? कॅन्सर परत येणं कशावर असतं, तर गाठ केवढी होती, काखेत गेली होती का, गाठीच्या पेशींवर हार्मोन वगैरेचे रिसेप्टर कोणते, ग्रेड काय म्हणजे पेशी किती बिघडलेल्या. रविवारी रडलात म्हणून सोमवारी ते बदलत नाही. आणि झोपच येत नाही, काही करावंसं वाटत नाही, असं आठवडे चाललं तर मानसोपचार डॉक्टरकडे जा, फक्त टॅमॉक्सिफेन, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोन अडवणारी गोळी, चालू असेल तर ते आधी सांगा, कारण फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन अशी काही डिप्रेशनची औषधं टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात, दुसरी चालतात.

गोळ्यांचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरने मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, जगभरच्या अभ्यासांची बेरीज करून काढलेलं आहे हे. २०१३ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात पाचऐवजी दहा वर्षं घेणाऱ्यांना आणखी फायदा दिसला. म्हणून कोणाला पाच, कोणाला दहा, कोणाला मधेच बदलून दुसरी, हे डॉक्टर तुमच्या रिपोर्टवरून ठरवतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका टॅमॉक्सिफेनने वाढतो हे खरं आहे, मुख्यतः पाळी गेल्यानंतरच्या वयात, पण तो थोडा आहे आणि फायदा बऱ्याच पटीने मोठा. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच गायनॅकला दाखवायचं, पाळी चालू असेल आणि अंगावरून एरवीपेक्षा वेगळं जायला लागलं तरी दाखवायचं, एवढं लक्षात ठेवा.

मला माहितीये बायका गोळ्या का सोडतात. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, गुडघे धरतात, भर थंडीत अंगातून वाफा निघतात, आणि घरात सांगितलं तर "आता सगळं झालं ना, मग आता काय" असं ऐकायला लागतं. म्हणून गुपचूप बंद करतात, डॉक्टरला पण सांगत नाहीत. आम्ही ऑपरेशन झालेल्या काही बायका दर रविवारी भेटतो, त्यातल्या एका बेनने बरेच महिने बंद ठेवल्या होत्या, कोणालाच माहीत नव्हतं, एकदा शेवउसळ खायला बसलो असताना सहज बोलल्या. मग दोघी त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेल्या, त्यांनी गोळी बदलून दिली, सांधे बरेच सुटले. हे त्या घरी बोलल्या नव्हत्या, नवऱ्याशी नाही, मुलीशी नाही, आमच्याशी बोलल्या.

म्हणूनच तो शेवटचा मुद्दा, "दुसऱ्या बायकांमध्ये बसू नका", मला सगळ्यात जास्त लागतो.

इथे मी वाढवून सांगणार नाही. १९८९ साली एका छोट्या अभ्यासात, ८६ बायका, गटात बसणाऱ्या जास्त जगल्या असं आलं होतं, खूप गाजलं ते. मग २००१ साली २३५ बायकांवर परत करून बघितलं तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण मन हलकं झालं होतं, दुखणं कमी जाणवत होतं, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त त्रासात होत्या त्यांना. रोग उलटला असं कुठेच नाही. उलट २००६ साली २,८३५ नर्स बायकांच्या पाहणीत जिला जवळचं कोणी नाही अशा एकट्या पडलेल्या बाईला या कॅन्सरने मरण्याचा धोका दुपटीच्या आसपास निघाला. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीझ लॅसर नावाच्या बाईंचं स्तनाचं ऑपरेशन झालं आणि पुढे काय करायचं हे कोणी सांगेना म्हणून त्या स्वतःच दुसऱ्या पेशंट बायकांच्या खाटेपाशी जायला लागल्या, हाताच्या व्यायामाला चेंडू आणि दोरी घेऊन. त्यातूनच रीच टू रिकव्हरी हे काम उभं राहिलं आणि देशोदेशी पसरलं.

आमचं काही एवढं मोठं नाही, पण चालतं कसं ते सांगते. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी जमा करणारी ड्रेनची बाटली नळीला लटकत असते, ती कुठे ठेवायची, झोपताना काय करायचं हे घरी आल्यावर कळतं, तर एक काकू जुन्या सुती साडीच्या खांद्यावर अडकवायच्या पिशव्या शिवतात, बरोबर बाटलीच्या मापाच्या. सिलिकॉनचा स्तन महाग पडतो, म्हणून मंगळबाजारातून साधी सुती ब्रा आणून आतून खिसा शिवायचा आणि मऊ कापडाच्या पिशवीत मोहरी भरून ती त्यात बसवायची, नुसत्या कापसाला वजन नसतं, ब्रा वर सरकते आणि चालताना एक खांदा उतरल्यासारखा वाटतो. मोहरी किती घालायची ते दुसऱ्या बाजूच्या अंदाजाने, घालून, चालून बघून ठरवतो, दार लावून, एकमेकींसमोर, कोणी लाजत नाही. टाके पूर्ण सुकल्याशिवाय हे वापरायचं नाही. अहमदाबादला असारव्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला जायचं असेल तर आधी जाऊन आलेली एक जण बरोबर जाते, कारण कुठल्या खिडकीवर फाइल द्यायची हे तिला पाठ असतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही घरांतून आम्हाला बोलावणं येईनासं झालं होतं, कॅन्सर काही शिवल्याने होत नाही तरी, तर आम्ही आमचंच केलं आणि वाण म्हणून क्रीमच्या ट्यूब दिल्या.

दुःख ऐकावं लागतं का, तर लागतं. आमच्यातली एक गेली. त्यानंतर बऱ्याच जणींना आपलीही पाठ दुखतेय असं वाटायला लागलं, दोघी काही दिवस आल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं, यायची जबरदस्ती नसते. पण तिच्या शेवटच्या दिवसांत तिला जे बोलायचं होतं ते ऐकायला कोणी तरी होतं. घरचे तिला "होशील बरी" म्हणत होते, तिला त्याची गरज नव्हती, तिला मुलीच्या कॉलेजच्या फीचं आणि लॉकरच्या किल्लीचं बोलायचं होतं.

तर हा मेसेज तुमच्याकडे आला आणि पुढे पाठवावंसं वाटलं तर त्याऐवजी त्या बाईला फोन करा, तिला फिजिओथेरपीला सोडायला कोणी आहे का विचारा. आणि बडोद्यात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आम्ही रविवारी सकाळी कमाटीबागेत बँडस्टँडपाशी असतो, मराठी-गुजराती दोन्ही चालतं. ड्रेनची पिशवी हवी असेल तर ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी सांगा, काकूंना शिवायला दोन दिवस लागतात.