पावती फाटण्याआधी प्लेटो वाचू नका

लॉ कॉलेज चौकात सिग्नल तोडताना सापडलात, तर आधी चेहरा पाडा आणि म्हणा, "साहेब, मेडिकलला पेशंट आहे." नागपुरात याहून जुना आणि भरवशाचा बचाव नाही.

फक्त त्या साहेबांनी प्लेटो वाचलेला नसावा. प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस सांगतो की अन्याय सोसण्यापेक्षा करणं वाईट आणि करून शिक्षेवाचून सुटणं त्याहून वाईट. आजारी माणूस वैद्याकडे जातो तसं गुन्हेगाराने आपणहून न्यायाधीशाकडे धावावं, नाही तर दुखणं मुरतं. म्हणजे पेशंट तुम्हीच! हा सल्ला चुकूनही पाळू नका. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात जाऊन "कोणी पकडलं नाही, पण माझी पावती फाडा" म्हणालात, तर भले लोक तुम्हाला दुसऱ्याच दवाखान्याचा पत्ता देतील.

त्यापेक्षा बेकारिया बरा. (हवालदाराला बेकरीचं नाव वाटेल, वाटू द्या.) मिलानच्या या माणसाने 1764 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, गुन्हे आणि शिक्षांवर एक लहानसं पुस्तक लिहिलं आणि युरोपातल्या छळाच्या व फाशीच्या कायद्यांना हादरा दिला. त्याचं म्हणणं असं, की शिक्षा किती जबर यापेक्षा ती नक्की होणार का आणि लवकर होणार का, यालाच माणूस भितो. तुम्ही यातलं 'जबर नको' एवढंच मोठ्याने वाचा. 'नक्की' आणि 'लवकर' आलं की खोकला काढा.

तसा खोकला फारसा लागत नाहीच. ई-चलान मोबाइलवर येतं, आपण ते लग्नपत्रिकेच्या मेसेजसारखं वर सरकवतो आणि लोकअदालतीची वाट पाहतो. कौटिल्य म्हणून गेला की कडक दंड करणारा लोकांना नकोसा होतो, मवाळाला कोणी जुमानत नाही, यथायोग्य दंड करणाराच पूज्य ठरतो. आपण चौथा प्रकार काढला: दंड कडक, वसुली मवाळ, आणि पूज्य फक्त बाकीची रक्कम भरणारा, कारण तो विरळा.

सावजी जेवणाआधी 'थोडीशीच' घेतली असेल तर "शुद्धीत नव्हतो साहेब" म्हणू नका. मितिलीनी या जुन्या ग्रीक नगराचा सत्ताधीश पिट्टाकस याने दारूच्या नशेतल्या गुन्ह्याला दुप्पट दंड लावला होता, आणि ॲरिस्टॉटलही म्हणतो की न पिणं तुमच्याच हातात होतं.

राहिला ड्रॅको. प्राचीन अथेन्सचे कायदे लिहिणाऱ्या या गृहस्थाने, ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो त्याप्रमाणे, फळं चोरली तरी मृत्युदंडच ठेवला होता. का, असं विचारल्यावर म्हणाला, लहान गुन्ह्याला हीच शिक्षा योग्य वाटते आणि मोठ्यासाठी याहून मोठी सापडत नाही. पुढे सोलन या अथेन्सच्याच कायदेकर्त्याने खुनाचे सोडून त्याचे सगळे कायदे रद्द केले. तरी ड्रॅको टाकून देऊ नका, दुसऱ्यांसाठी लागतो. शंकरनगरला राँग साईडने येणारं पोरगं तुमच्या गाडीला घासलं, की पानठेल्यावरची गर्दी जमवा आणि ओरडा, "अशांना भर चौकात फटके पाहिजेत! लायसन जाळा याचं!" तेवढ्यात तो तोंडाचा रुमाल सोडेल.

"मामा, मी होय ना!"

आता हवालदाराकडे वळा, आवाज खाली घ्या. "जाऊ द्या ना साहेब, मेडिकलला पेशंट आहे."