'अँटिसोशल' ट्रस्टचं आहे, ट्रस्टचं!

आज संध्याकाळी कोथरूडला एका कॅफेत पोरांचा बँड वाजवत होता. वाजवत होती छान, गिटारवाला तर चांगलाच तयारीचा. मग गायक माइकवर म्हणाला, "आता अँथ्रॅक्सचं अँटिसोशल." टाळ्या, शिट्ट्या. तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे, अँथ्रॅक्स या अमेरिकन मेटल बँडनं ते घेतलं १९८८ साली. गाणं ट्रस्टचं. १९७७ साली पॅरिसमध्ये उभा राहिलेला फ्रेंच बँड. गायला बर्नी बोंव्वाझँ, गिटारवर नोनो क्रीफ. १९८० च्या 'रेप्रेसिओं' अल्बममधलं हे पहिलंच गाणं.

मला ते दादानं ऐकवलं. तो तेव्हा फ्रेंच शिकत होता, कुणाकडून तरी कॅसेट भरून आणलेली. बाबा पिंपरीहून रात्रपाळी करून येऊन आत झोपलेले. आवाज बारीक ठेवून, कॅसेट थांबवत थांबवत दादा अर्थ सांगत होता: माणूस जन्मभर राबतो, आणि कशासाठी, तर स्वतःच्या थडग्याच्या दगडाचे पैसे भरायला. आम्ही दोघांनी एकदम आतल्या खोलीकडे बघितलं. पुढची ओळ त्यानं सांगितलीच नाही, टेप बंद केला.

म्हणून राग येतो. ज्यांनी हे आपल्या माणसांसाठी, आपल्या भाषेत लिहिलं, त्यांचं नावसुद्धा घ्यायचं नाही? अमेरिकेतून आलं की तेच मूळ!

आणि हा काही गल्लीतला बँड नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट, त्याची यांच्याशी यारी होती. फेब्रुवारी १९८० मध्ये 'रेप्रेसिओं'चं काम लंडनला चालू असताना तो स्टुडिओत आला, यांच्याबरोबर एसी/डीसीचंच 'राइड ऑन' गायला. आठवड्याभरात वारला. अल्बम त्यालाच वाहिलाय. हे लिहितानाही गलबलतं.

पुढचं तर आपल्या जवळचं. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीला आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड बघायला माझ्या यादीतले निम्मे लोक होते. ड्रमवर कोण होता? निको मॅकब्रेन. मेडनच्या आधी तो ट्रस्टमध्ये होता, १९८१ च्या 'मार्श ऊ क्रेव्ह' अल्बमवर तोच वाजवतो. १९८२ च्या शेवटी मेडननं त्याला नेलं, आणि मेडनमधून बाहेर पडलेला ड्रमर क्लाइव्ह बर ट्रस्टकडे आला. जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल बँडपैकी एकाशी ड्रमरची अदलाबदल झालेला बँड, आणि आपल्याकडे नाव विचारलं तर सगळे गप्प.

त्यांनी इंग्रजीतही अल्बम काढून बघितले. 'रेप्रेसिओं'चे इंग्रजी शब्द शॅम ६९ या ब्रिटिश पंक बँडच्या जिमी पर्सीनं केले. मला ते बेचव वाटतं. बर्नी फ्रेंचमध्ये शिव्या घातल्यासारखा गातो, इंग्रजीत नुसता ओरडतो.

पुढे उतरती कळा लागली, हेही खरं. १९८४ चा 'रॉक एन रोल' मी पूर्ण ऐकू शकत नाही, इतका गुळगुळीत. त्यानंतर फुटलेच. पुन्हा जमले, पुन्हा मोडले, पण 'रेप्रेसिओं'मधली ती आग परत आली नाही. नोनो फ्रेंच रॉक गायक जॉनी हॅलिडेच्या मागे वाजवायला लागला, बर्नी सिनेमे करायला लागला. पोटापाण्याचं बघावंच लागतं, त्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. बाबांनी तरी दुसरं काय केलं? निवृत्त होईपर्यंत एक पाळी चुकवली नाही.

आणि हो, अँथ्रॅक्सनं श्रेय चोरलं नाही, गाणं फ्रेंचमध्येही गायलं. ठीक आहे. मग आपल्या पोरांना मूळ बँडचं नाव घ्यायला काय होतंय?

त्या गायकाला मी मध्यंतरात गाठून सांगितलं. मुलगा शांतपणे ऐकून घेत होता, मोबाइलवर ट्रस्ट शोधलंसुद्धा. बरं वाटलं. पण इथले जे जुने मेटलवाले आहेत, ज्यांना हे माहीत असूनही कधी बोलत नाहीत, त्यांच्यावरचा राग कायम आहे. खाली लिंक टाकतोय, १९८० ची, फ्रेंच. आधी ती ऐका, मग कमेंटमध्ये भांडायला या.