फलकावर आधार लिहा

परवा नातीला लाल महाल दाखवायला घेऊन गेलो. चौथीत आहे, त्यामुळे शाहिस्तेखानाची गोष्ट तोंडपाठ. भिंतीला हात लावून म्हणाली, "आबा, महाराजांनी पण इथंच हात लावला असेल ना?"

खरं होतं ते सांगितलं. ही वास्तू महापालिकेनं बांधलेली, १९८८ सालची. महाराजांचं बालपण गेलं तो वाडा केव्हाच नाहीसा झाला. पोर हिरमुसली. मला मात्र राहून राहून वाटलं, हे एक वाक्य मुलांच्या नजरेच्या उंचीला, ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं. मग पोरं हिरमुसणार नाहीत, पुढचं विचारतील : जुना वाडा कसा होता, आणि तो तसा होता हे आपल्याला कशावरून कळलं?

मी आयुष्यभर भूकरमापक म्हणून, म्हणजे सरकारी जमीनमोजणीत, नोकरी केली. जुनी टिपणं, म्हणजे मोजणीच्या वेळी लिहून ठेवलेल्या नोंदी, ज्या शंकू साखळीच्या मापात आहेत ती ३३ फुटांची, तिचे भाग, म्हणजे आणे, १६. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा; ४० गुंठ्यांचा एकर. हद्द कायम करायला गेलो की बांधावरचा एखादा दगड दाखवून लोक कळवळून सांगायचे, "साहेब, आमच्या आज्यानं लावलेला दगड आहे." खोटं बोलत नसायचे बिचारे. पण टिपणात त्या दगडाची नोंद नसेल तर मोजणीला तो धरता येत नाही. शहरातल्या ऐतिहासिक फलकांकडेही मी याच नजरेनं बघतो. "इथे अमुक घडले" एवढंच लिहिलेलं असलं की मन विचारतं, टिपण कुठाय?

आणि टिपणं आहेत हो! पुण्याच्या पुरालेखागारात मोडी लिपीतले कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेत. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जमवतंय, छापतंय. एवढं घरात असताना फलकावर "या कागदावरून" अशी एक ओळ घालायला काय हरकत आहे?

जुन्या फोटोंचं तर विचारूच नका. दर दोन महिन्यांनी कुणीतरी "पेशवेकालीन शनिवारवाड्याचा दुर्मीळ फोटो" पाठवतं. शनिवारवाड्याचा पाया १७३० चा. आतला लाकडी वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत जळाला. आणि कॅमेरा जगापुढे आला १८३९ साली. म्हणजे उभ्या वाड्याचा फोटो असूच शकत नाही. जुन्या फोटोंत दिसतात ते तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा, आगीतून वाचलेले. त्याआधीचं पुणं बघायचं तर चित्रांकडे जावं लागतं, आणि इथं एका माणसासाठी माझा जीव तुटतो : गंगाराम तांबट. १७९० च्या दशकात पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील (रेसिडेंट) मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी त्यानं वेरूळची लेणी चितारली. आपल्या पुण्याचा माणूस. चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात. आपल्या किती शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक आहे?

फोटोनं डोळे उघडतात तेही सांगतो. पर्वतीच्या एका जुन्या फोटोत टेकडीखाली पाणी दिसतं. नातीला तो दाखवला आणि तसाच तिला सारसबागेत घेऊन गेलो. "तळ्यातला गणपती म्हणतो ना आपण? हे ते तळं," असं हिरवळीवर उभं राहून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. तळं आटवलं, नाव टिकलं. कात्रजहून नानासाहेब पेशव्यांनी आणलेलं पाणी, नळातली हवा खेळती ठेवणारे वाटेतले उच्छ्वास, पेठांतले हौद, हे सगळं असंच नकाशा हातात घेऊन चालत दाखवता येतं.

लढायांचे फलक जरूर लावा. पण राज्य उभं राहतं कसं, हे मला मोजणीत जास्त दिसतं. स्वराज्यात शिवाजी महाराजांचे मंत्री अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमिनी मोजल्या गेल्या, त्या पाच हात पाच मुठींच्या काठीनं. पुढे इंग्रजी अमलात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यातच मोजणी केली. त्याचे हिशेब किचकट, दर डोईजड, कुळं गावं सोडून गेली. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातून नव्यानं सुरुवात केली, साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी बांधून दिला. आपल्या सातबाराच्या मुळाशी ती मोजणी आहे. इंदापुरात यासाठी एक चांगला दगड उभा राहावा, आणि त्यावर त्या साखळीचं माप कोरावं.

कुणी म्हणेल, फलक वाचतो कोण? नात वाचते. वाड्यांवरचे महापालिकेचे निळे फलक ती थांबून, मोठ्यानं वाचते.

येत्या रविवारी आम्ही दोघं मुख्य टपाल कार्यालयासमोरच्या (जीपीओ) झिरो स्टोनपाशी, म्हणजे जिथून पूर्वी अंतरं मोजत त्या दगडापाशी, जाणार आहोत. तिला तिथून ३३ फूट पावलांनी मोजायचेत, आणि मग टेप लावून बघायचंय, कितीनं चुकलं ते.