सर नाही आले?

धायरीतल्या त्या साइट ऑफिसात मी शिरले तेव्हा सेल्सचा मुलगा खुर्चीतून अर्धा उठला, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिला आणि पूर्ण उठावं की परत बसावं या विचारात तसाच लोंबकळला.

"सर गाडी लावतायत का?"

"सर नाहीत."

"मग नंतर जॉइन होतील?"

"गेली एक्केचाळीस वर्षं झाले नाहीत. आता बघू."

त्याने सरबताची ऑर्डर एकने कमी केली आणि मला सँपल फ्लॅट दाखवायला नेलं. सँपल फ्लॅट ही एक स्वतंत्र कला आहे. तिथे दारं काढून टाकलेली असतात, म्हणून खोल्या मोठ्या वाटतात. भिंतभर आरसा असतो, म्हणून आणखी एक खोली असल्यासारखी वाटते. बेडरूममधला पलंग मात्र मला संशयास्पद वाटला. मी चपला काढून सरळ त्यावर आडवी झाले. माझी उंची पाच फूट एक इंच. तरी पावलं बाहेर.

"मॅडम, हा फक्त शो-पीस आहे."

"आणि खरा पलंग आणला की कपाटाचं दार उघडेल?"

तो गप्प. 'हे सर विचारणार होते' असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

पाच-सहा ठिकाणी हेच झाल्यावर मी दादाला नाशिकहून बोलावून घेतलं. ही चूक होती. मी महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर विचारला, सेल्सवाल्याने तो दादाला सांगितला. मी कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, किती म्हटलं, त्याने दादाकडे बघून "चारशे वीस, सर" म्हटलं. भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या सरकारी दाखल्याची, प्रत मी मागितली, ती दादाच्या हातात ठेवली गेली. दादा प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होता. त्याने उभ्या आयुष्यात घेतलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे स्कूटर, तीही बाबांनी पसंत केलेली. प्रमाणपत्र त्याने दोन मिनिटं गंभीरपणे उलटं धरलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "माणूस चांगला वाटला."

प्रमाणपत्र मात्र खरं निघालं, आणि ते हातात असलेल्या घरावर जीएसटी लागत नाही, म्हणून मी तिथेच थांबले. किंमत ४८ लाख. एवढ्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते. म्हणजे ९ लाख ६० हजार आपले, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. माझी सगळी बचत खरवडून सात लाख निघाले. तेव्हा आईने कपाटातून एक पाकीट काढलं. वर तिच्या अक्षरात लिहिलं होतं 'लग्न'. त्यात २००९ पासून दरवर्षी नेमाने नूतनीकरण होत आलेली एफडी होती. ती मोडायला आम्ही गेलो तर काउंटरवरच्या बाई आनंदल्या.

"लग्न ठरलं वाटतं?"

"हो," आई म्हणाली, "धायरीचं आहे. तोंड पूर्वेला."

कर्जाच्या टेबलावरच्या साहेबांना माझा सिबिल आवडला, पगाराची स्लिप आवडली, फक्त मी एकटी आहे हे आवडेना. "मॅडम, उद्या लग्न झालं तर?"

"तर हप्ता भरायला आणखी एक माणूस येईल. तुम्हाला उलट आनंद व्हायला हवा."

त्यांना तो झाला नाही. भावाला सोबत घ्या म्हणाले, आणि मग करारनाम्यातही त्याचं नाव टाका, ते बरं दिसतं. मी जवळजवळ तयार झाले होते. पण माझ्या वकीलबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बरं दिसण्याचे ४८ हजार होतील." एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बायकांच्या नावावर होत असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुण्यात सातऐवजी सहा. खरेदीदारांत एक जरी पुरुष शिरला तरी सवलत गेली. शिवाय कर्जात सहअर्जदार असलेला माणूस घराचा मालक असायलाच हवा असंही काही नाही.

मी दादाला फोन केला. "तुझं नाव ४८ हजारांना पडतंय."

दोन क्षण शांतता. "राहू दे मग. पण एवढी किंमत आहे हे तुझ्या वहिनीला सांग जरा."

बँकेचे साहेब आठवड्याभराने वरच्या साहेबांना विचारून आले आणि वरचे साहेब म्हणाले, पगार पुरेसा आहे, भाऊ कशाला? हे वाक्य मी फ्रेम करून घेणार होते.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बाकावर शेजारी बसलेल्या एका एजंटाने मला फुकट सल्ला दिला, "सवलत घेताय खरं, पण पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही हं." ती अट २०२३ मध्येच गेली. त्याला सांगितलं तर तो हिरमुसला. आत कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, अंगठा झाला. छापून आलेल्या कागदावर माझ्या फोटोपुढे होतं: 'लिहून घेणार, वय ४१'. लिहून घेणार म्हणजे खरेदीदार. आजवर घराघरांतून मला जी विशेषणं लागली, त्यांत हे सगळ्यात भारदस्त.

राहता राहिली वास्तुशांत. गुरुजींनी पाट मांडले, दोन. "यजमान?"

"मीच."

"तसं नाही. जोडीनं बसावं लागतं. भाऊ-वहिनी बसतील."

दादा लगेच सोवळं शोधायला लागला. वीस वर्षं हप्ते मी भरणार आणि संकल्प हा सोडणार? गुरुजींना विचारलं, बायको नसलेला पुरुष काय करतो?

"कमरेला सुपारी खोचून बसतो."

"आणि नवरा नसलेली बाई?"

गुरुजी बराच वेळ आईकडे बघत राहिले. आई फुलं निवडत राहिली. मग त्यांनी पिशवीत हात घातला, त्यातल्या त्यात गोल, न किडलेली एक सुपारी निवडली आणि माझ्या हातावर ठेवली. "खोचा."

चार तास बसलो आम्ही. ते गृहस्थ अवाक्षर बोलले नाहीत, धूर सहन केला, स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल मत दिलं नाही. पूजा झाल्यावर टाकून द्यायचं जिवावर आलं.

परवा पाण्याच्या फिल्टरचा डेमो द्यायला एक मुलगा आला. दारातूनच माझ्या खांद्यावरून आत डोकावला.

"सर आहेत का घरात?"

"आहेत," म्हटलं, "देवघरात. डबीत."